घरांतलें मांजर आणि घरांतलें मूल

पंचतंत्राच्या पांचव्या तंत्रांतील मुंगसाची गोष्ट ऐकली नाहीं असें मराठी घर विरळाच. ब्राह्मणी पाण्याला जाते. पाळण्यांतल्या मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून नवऱ्याला बजावते. तो गृहस्थहि थोड्या वेळानें भिक्षेसाठीं बाहेर पडतो. पुढें साप येतो, घरचें मुंगूस त्याला मारून मुलाला वांचवितें, आणि रक्ताळलेल्या तोंडानें सामोरें आलेल्या त्या इमानी जनावराच्या अंगावर पाण्याची घागर आदळते. या कथेवरून अविचाराचे दुष्परिणाम पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. परंतु तान्हें मूल आणि तीक्ष्ण दांतांचें जनावर अशीं दोघें एका घरांत ठेवून दोन्ही मोठीं माणसें बाहेर पडलींच कशीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

मुंगसाची जागा आतां मांजरानें घेतली आहे. चाळीच्या जिन्यापासून बंद सदनिकेच्या सोफ्यापर्यंत त्याचा संचार आहे, आणि तोच प्रश्न त्याच्या बाबतींत विचारण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते. प्रकार बहुधा असा घडतो. दीड-दोन वर्षांचें मूल नुकतें चालूं लागलेलें असतें. मांजर पलंगाखालीं निजलेलें असतें. मूल आनंदानें चित्कारत तिकडे जातें, त्याची शेपटी मुठींत धरतें. आणि आई स्वयंपाकघरांतून येऊन पाहते तों मुलाच्या गालावर तीन लाल ओरखडे उमटलेले असतात. सायंकाळपर्यंत घरांत निकाल लागतो, कीं मांजर विनाकारण मुलाच्या अंगावर गेलें. उद्यां त्याला पोत्यांत घालून दूर कोठेंतरी सोडून यावें.

या ‘विनाकारण’ शब्दाची झडती घेणें जरूर आहे. मांजराच्या माथीं दोष मारण्याची खोड तशी जुनीच. मुलांची रक्षणकर्ती जी षष्ठीदेवी, तिचें वाहन बंगालमध्यें मांजर मानतात. तिच्या व्रतकथेंतील सून स्वतः चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते, म्हणून तिच्या मुलांवर संकट येतें. कथा रचणाऱ्या बायकांना घरांतल्या न्यायनिवाड्याची चांगलीच माहिती असली पाहिजे.

पाळीव मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया या भागांतले. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याच्या दफनाजवळ मांजराचा सांगाडा सांपडल्याचें संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हां सहवास फार प्राचीन आहे. परंतु कुत्र्याच्या पूर्वजांप्रमाणें टोळीनें शिकार करण्याची रीत मांजराच्या कुळांत नव्हती. हा प्राणी एकटा शिकार करतो, आणि आकारानें लहान असल्यामुळें मोठ्या जनावरांचें भक्ष्यहि होतो. म्हणून भय वाटतांच त्याचा पहिला विचार पळण्याचा. वाट बंद असेल तर दुसरा विचार पंजाचा. आतां मुलाकडे मांजराच्या डोळ्यांनीं पाहावें. तें एकाएकीं धांवतें, एकाएकीं थांबतें, कर्कश ओरडतें, टक लावून पाहतें, आणि त्याचें तोंड नेमकें मांजराच्या पंजाच्या टप्प्यांत असतें. पलंगाखालचें मांजर भिंतीकडे कोंडलें गेलें असेल, तर पळण्याची वाट मुलानेंच अडविलेली असते.

तरीहि बहुतेक मांजरें पंजा उगारण्यापूर्वीं बरेंच कांहीं सांगून चुकतात. शेपटीचें टोक झटके देऊं लागतें. कान आडवे होऊन मागें वळतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पाठीची कातडी थरथरते. अंग ताठ होतें. कांहीं मांजरें फिस्कारतात, कांहीं फिस्कारत नाहींत. ही भाषा दोन वर्षांच्या मुलाला वाचतां येत नाहीं, आणि येण्याची अपेक्षाहि नाहीं. ती वाचण्याचें काम शेजारीं बसलेल्या मोठ्या माणसाचें. त्यांतहि मोठ्यांची दोन ठिकाणीं फसगत होते. मांजर उताणें पडून पोट दाखवितें तें विश्वासानें असूं शकतें; पण पोटावर हात फिरवा असें आमंत्रण तें बहुधा नसतें. आणि घुरघुर म्हणजे समाधानच असें नाहीं. दुखणाईत मांजरहि घुरघुरतें.

कित्येकदां मुलाचा कांहींच संबंध नसतो. खिडकीबाहेर परका बोका दिसला म्हणजे आंतलें मांजर खवळतें. त्या बोक्यापर्यंत पोंचतां येत नाहीं, आणि तेवढ्यांत जवळून जाणाऱ्या मुलावर तो राग निघतो. हा क्षोभ कांहीं तासहि टिकतो, म्हणून अशा मांजराला उचलून समजावूं नये. अंधाऱ्या शांत खोलींत एकटें सोडावें. पिलांजवळ असलेली मांजरी स्वभावतःच सावध असते. आजवर गरीब असलेलें मांजर अचानक चिडकें झालें, तर दांत, सांधे किंवा मूत्रमार्ग यांपैकीं कांहीं दुखत असण्याचा संभव मोठा. त्याला छडीची नव्हे, पशुवैद्याची गरज असते. मार देऊन तर मूल जवळ आलें कीं मार बसतो एवढेंच मांजर शिकतें.

चाव्याचें बीज कधीं घरांतील थोर मंडळीच पेरतात. पिलाला बोटांशीं खेळवितात, त्याच्या सुईसारख्या दांतांचें कौतुक करतात. आणि सहा महिन्यांनीं तेंच मांजर मुलाच्या हलत्या पायांवर झेप घेतें तेव्हां सर्वांना आश्चर्य वाटतें. खेळ दोरीचा किंवा काडीला बांधलेल्या पिसाचा असावा, हाताचा कधींच नसावा. आयलीन कार्श या अमेरिकन संशोधिकेनें १९८० नंतरच्या दशकांत केलेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें, कीं वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत ज्या पिलांना माणसांनीं नियमानें हाताळलें, तीं पुढें माणसांशीं अधिक सलगीनें वागतात. तेव्हां मूल असलेल्या घरीं पिलूं आणावयाचें, तर तें त्या आठवड्यांत कोठें व कसें वाढलें याची चौकशी त्याच्या रंगापेक्षां अधिक महत्त्वाची.

घराची मांडणीहि थोडी बदलावी लागते. मुलाचा हात पोंचणार नाहीं अशी एखादी उंच फळी किंवा कपाटाचा माथा मांजराला मोकळा ठेवावा. खातांना, निजतांना व मातीच्या भांड्याशीं असतांना त्याला कोणी शिवूं नये. तान्हें निजलेल्या खोलीचें दार लावून घ्यावें. पाळण्यावरील मच्छरदाणीवर विसंबूं नये, कारण मांजर ऊब शोधीत तिच्यावरच जाऊन बसतें आणि जाळी खालीं झोळते. थोड्या मोठ्या मुलाला मांजरामागें न जातां त्याला बोलावून वाट पाहण्यास शिकवावें, आणि आलेंच तर उघड्या तळव्यानें गालाजवळ दोन-तीनदां कुरवाळून हात मागें घेण्यास. मांजरानें पुन्हां डोकें पुढें केलें तर त्याची मर्जी आहे. नाहीं केलें तर खेळ संपला. पांच वर्षांखालील मूल आणि मांजर यांना एकटें मात्र ठेवूंच नये, मग तें मांजर कितीहि गरीब असो. नखांचीं टोंकें वेळोवेळीं कापवून घ्यावींत. नखें समूळ काढण्याची शस्त्रक्रिया म्हणजे बोटाचें शेवटचें पेर छाटणें होय. न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं कायद्यानें तिला बंदी केली.

इतकी काळजी घेऊनहि पंजा लागला, तर ओरखडा लहान म्हणून हसण्यावारी नेऊं नये. रेबीज हा रोग कुत्र्याचाच अशी समजूत आहे. तो मांजरापासूनहि होतो, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर जवळजवळ नेहमींच प्राण घेतो. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहींहि तींत भरूं नये. रक्त आलें नसलें तरी त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें; रक्त आलें असल्यास लशीबरोबर जखमेंत प्रतिद्रव्याचें इंजेक्शनहि लागतें. मांजर दहा दिवस नजरेखालीं ठेवावें हें खरें, परंतु त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबणीवर टाकणें हा जीवाशीं खेळ आहे. चावा तर ओरखड्याहून फसवा. मांजराचे दांत बारीक असल्यामुळें वर नुसता ठिपका दिसतो आणि तोंडांतील जंतू खोल शिरलेले असतात. एखाद्या दिवसांत जागा सुजून लाल होते. मांजराला दरवर्षीं लस टोचलेली असेल, तर त्या रात्रीं घरच्यांची चिंता पुष्कळ हलकी होते. मुलाच्या उपचारांत मात्र तेवढ्यावरून कपात करूं नये.

मांजर मारणाऱ्यानें सोन्याचें मांजर करून काशीस दान द्यावें, अशी जुनी समजूत आहे. तिच्या धाकानें मांजरें मारलीं जात नाहींत. पोत्यांत घालून सोडलीं जातात. घरांत वाढलेलें मांजर परक्या गल्लींत भुकेनें किंवा तेथल्या कुत्र्यांच्या तावडींत सांपडून मरतें, तेव्हां त्या सोन्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानें, जनावराला उपासमार सोसावी लागेल अशा स्थितींत विनाकारण टाकून देणें हा अपराध ठरविला आहे. येथेंहि तोच ‘विनाकारण’ शब्द. फक्त झडती माणसाची.

कांहीं घरांत सर्व उपाय करूनहि मांजर आणि मूल यांचें जमत नाहीं. मूल फार लहान असतें, जागा दोन खोल्यांची असते, मांजर आधींच भेदरलेलें असतें. अशा वेळीं मुलाला धोक्यांत ठेवण्याचा हट्ट कोणी करूं नये. पशुवैद्याला दाखवून, निर्बीजीकरण राहिलें असल्यास तें करवून, लहान मुलें नसलेल्या ओळखीच्या घरीं त्याची सोय लावावी. आणि देतांना तें केव्हां, कोणावर व कशानें बिथरलें, काय खातें, कोणत्या आवाजाला भितें आणि लस कोणत्या तारखेस दिली, हें सर्व कागदावर लिहून सोबत द्यावें.