फळ्यावरची नावं



शाळेनं काय दिलं, यावर बोलायचं आहे. मी एकच आठवण सांगते.

१९९३ साली, आठवीत, मी वर्गाची मॉनिटर होते. बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे माझं काम. मोठ्या हौसेनं करायचे! मैत्रिणींची नावं मात्र हळूच पुसायचे. एकदा बाईंनी ते पाहिलं. रागावल्या नाहीत. सगळा फळा पुसला आणि म्हणाल्या, "यापुढे नियम तुम्हीच करा. ते नीट चालतात का, हेही दर शनिवारी तुम्हीच बघा."

आपण पाच नियम केले. त्यातला एक आठवतोय? उशिरा येईल त्यानं वर्ग झाडायचा. सलग तीन आठवडे झाडू एकाच मुलाच्या हातात राहिला. तिसऱ्या शनिवारी बाईंनी एवढंच विचारलं, "त्याला उशीर का होतो, हे कुणी विचारलंत?" कुणीच विचारलं नव्हतं. तो पहाटे दुधाचा रतीब घालून शाळेत यायचा.

बाईंनी नियम रद्द केला असता तर प्रश्न तिथंच मिटला असता. पण त्या गप्प बसून राहिल्या. ती शांतता फार जड होती. शेवटी आपणच ठरवलं : झाडायची पाळी सगळ्यांची, हजेरीपटाच्या क्रमानं, आणि तीही शाळा सुटल्यावर.

पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कुरणशाळेबद्दल वाचलं. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येईना, म्हणून शाळाच कुरणावर गेली. तेव्हा बाईंचा प्रश्न नव्यानं कळला.

आज माझ्या टीममध्ये नऊजण आहेत. रात्री सर्व्हर बंद पडला की "कुणी केलं?" हेच आधी ओठांवर येतं. मग तो फळा आठवतो, आणि मी "काय झालं?" असं विचारते. पुढची काळजी काय घ्यायची, ते टीम ठरवते. वेळ लागतो, मी सांगून टाकलं असतं तर लवकर झालं असतं, असंही वाटतं. पण स्वतः केलेला नियम माणसं पाळतात, आणि चुकला तर बदलतातही.

बाई, हे तुमच्याकडून शिकले.

आणि रतीब घालणारा आपला मित्र आज दुसऱ्या रांगेत बसला आहे. त्याची माफी मागायची राहिली होती, ती आज मागते. मला तीस वर्षं उशीर झालाय; झाडू दिलास तरी तक्रार नाही.