बालकाचे रडणे व शिक्षकाचे कर्तव्य



जून महिन्यात पहिलीच्या वर्गाच्या दाराशी आलेली कित्येक मुले आईचा पदर सोडावयास तयार नसतात. या रडण्यास हट्ट समजण्याचा प्रघात आहे. शास्त्राचा निर्णय मात्र निराळा आहे.

गाईचे वासरू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभे राहते. मनुष्याच्या मुलास चालू लागण्यास सुमारे एक वर्ष लागते. मानवजातीने आपला बहुतेक काळ शिकार करीत व कंदमुळे गोळा करीत रानावनांत घालविला. तेथे एकटे पडलेले मूल श्वापदांच्या तावडीत सापडण्याची भीती असे. रडून, बिलगून, मागे धावून जे मूल वडीलधाऱ्यांस जवळ ठेवी, ते जगण्याचा संभव अधिक. म्हणून तोच स्वभाव पिढ्यान् पिढ्या टिकला. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा विचार सविस्तर मांडला.

मूल आईस चिकटते ते दुधासाठी, अशी पूर्वी समजूत होती. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हॅरी हार्लो यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ती खोटी ठरविली. त्यांनी माकडांच्या पिलांस दोन कृत्रिम माता दिल्या. एक तारेची व दुसरी मऊ कापडाने मढविलेली. ज्या पिलांस दूध तारेच्या मातेकडून मिळे, तीही बहुतेक वेळ कापडी मातेसच बिलगून राहत. अनोळखी खोलीत ती नसली की पिले अंग चोरून बसत. असली की प्रथम तिला बिलगत व मग तेथील वस्तू हाताळू लागत. पिलांची आईपासून ताटातूट करणाऱ्या या प्रयोगांवर पुढे क्रौर्याचा आक्षेप आला, व तो रास्त होता. तथापि त्यांतील बोध स्पष्ट आहे: धीर आधी, जिज्ञासा नंतर.

हा धीर केवळ जन्मदात्रीच देऊ शकते, असेही नाही. सारा हर्डी या विदुषींनी अबूच्या पहाडावरील वानरांचा अभ्यास करून १९७७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. या वानरांत नवजात पिलास कळपातील इतर माद्याही कुशीत घेतात. मनुष्याचे मूलही आजी, मावशी, थोरली बहीण अशा अनेकांच्या अंगाखांद्यावर वाढत आले आहे, असे हर्डी यांचे प्रतिपादन आहे. शिक्षकाचा जिव्हाळा स्वीकारण्याची पात्रता बालकात असते, ती यामुळेच.

यास्तव रडणाऱ्या मुलास दरडावू नये. पालकांस त्याची नजर चुकवून निघून जाण्यास सांगू नये. प्रारंभीचे काही दिवस आईस वर्गाबाहेर बसू द्यावे. मुलास नावाने हाक मारावी, जवळ बसवावे व वर्गावर शक्यतो तेच शिक्षक ठेवावेत. मुलाची भीती ओसरली म्हणजे पाटी-पेन्सिल आपोआप त्याच्या हाती येते.