टोरोंटोला पहिल्यांदा जाणाऱ्या आई-वडिलांसाठी
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला विषय दिला तो असा, की लांजीसारख्या गावातून पहिल्यांदाच कॅनडातल्या टोरोंटोला जाणाऱ्या माणसाने काय जाणून घ्यावे. आपल्या हक्कांच्या गोष्टी करणाऱ्या या पत्रकात परदेशवारी कशाला, असे काहींना वाटेल. कारण आहे, ते ओघात येईल. तिथला सी. एन. टॉवर ५५३ मीटर उंच आहे, तो मुले दाखवतीलच. नायगाराही दाखवतील. त्यावर आम्ही वेळ घालवणार नाही.

पहिली अडचण आपल्याच पेटीतल्या कागदांवर असते. एकाच माणसाचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात 'पंवार', आधारवर 'पवार', आणि मुलगा नागपूरला शिकला असेल तर त्याच्या पदवीवर 'पोवार'. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपले कागद हिंदीत, आणि आडनाव लिहिणाऱ्या बाबूच्या कानावर. बायकांचे तर विचारूच नका. माहेरचे नाव, सासरचे नाव, कुठे 'बाई' लावलेले, कुठे गाळलेले. दूर बसलेल्या व्हिसा अधिकाऱ्याला हे कळायचे कारण नाही. मुलाच्या कागदावर वडिलांचे नाव एक आणि अर्जदाराचे नाव दुसरे, एवढेच त्याला दिसते.

म्हणून तिकिटाचा विचार करण्याआधी सारे कागद एका सतरंजीवर मांडा आणि ताडून पाहा. पासपोर्टावरचे नाव प्रमाण धरा आणि बाकीचे त्याला जुळवून घ्या. जे जुळणार नाही त्यासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र करा. मुलाशी नाते दाखवायला त्याचा जन्मदाखला लागतो. तो नसेल तर आई-वडिलांची नावे असलेली दहावीची अंकसूची जवळ ठेवा. ऋण पुस्तिका, खसरा, पेन्शनचे कागद यांचे इंग्रजी भाषांतर करून घ्या. गावात वावर आहे, घर आहे, म्हणजे माणूस परत येणार, हे त्यावरूनच पटते. या कामाला दोन-चार महिने सहज जातात.

व्हिसा दोन तऱ्हेचा. साध्या व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येते. मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर 'सुपर व्हिसा' मागता येतो. तो डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाला आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाचे ठरावीक उत्पन्न, आपली वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्यविमा लागतो. मुलगा अजून शिकतो आहे किंवा वर्क परमिटवर आहे, तर सुपर व्हिसा मिळत नाही. एजंट काहीही सांगो. बोटांचे ठसे द्यायला दिल्ली किंवा मुंबईसारख्या शहरातल्या केंद्रात जावे लागते, पण एकदा दिलेले ठसे दहा वर्षे चालतात.

विम्यावर थोडे थांबतो, कारण इथे आपली माणसे हात आखडतात. साध्या व्हिसाला विम्याची सक्ती नाही, म्हणून तो घेत नाहीत. ऑन्टारिओ प्रांताची सरकारी आरोग्ययोजना पाहुण्यांना लागू नाही. एक रात्र दवाखान्यात काढावी लागली तरी बिल मुलाला वर्षभर फेडत बसावे लागेल असे येऊ शकते. विमा घ्या, आणि घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. लपवलेला आजार निघाला तर कंपनी पैसे नाकारते. जुन्या आजाराबद्दल पॉलिसीत काय लिहिले आहे ते मुलाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. औषधे पूर्ण मुक्कामाची न्या, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह. आपल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथला औषधवाला चालवून घेत नाही. तिथल्याच डॉक्टरची लागते.

प्रवासाचे थोडक्यात. आमगाव किंवा गोंदियाहून नागपूर, नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून थेट टोरोंटो. पायी चालण्याचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, त्यात लाज कसली? तिथल्या पिअरसन विमानतळावर अधिकारी विचारतो, कुणाकडे आलात, किती दिवस, परत कधी. खरे आणि थोडके सांगा. लोणचे, पापड, चिवडा, जे काही खाण्याचे असेल ते फॉर्मवर लिहा. लिहून जप्त झाले तर फक्त वस्तू जाते, लपवून सापडले तर दंड पडतो. ताजी फळे, मांस, दुधाचे पदार्थ आणि बियाणे यांच्या भानगडीत पडू नका. सुनेला वालाच्या शेंगांचे बी हवे असले तरी.

मुले 'टोरोंटो' म्हणतात, पण पुष्कळांची घरे मिसिसागा, ब्रॅम्प्टनसारख्या शेजारच्या शहरांत असतात. स्वतः विमानतळसुद्धा मिसिसागात आहे. तेव्हा पूर्ण पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा. बस आणि भुयारी रेल्वेला 'प्रेस्टो' कार्ड चालते. टोरोंटोत एकदा पैसे कापले की दोन तास गाड्या बदलता येतात. वय ६५ च्या पुढे असेल तर ज्येष्ठांची सवलत कार्डावर आधी नोंदवून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. दुकानात लिहिलेल्या किमतीवर बहुतेक वस्तूंना १३ टक्के कर वेगळा लागतो, म्हणून हिशेब चुकला असे समजून भांडू नका. ब्रॅम्प्टनला पंजाबी मंडळी इतकी, की आपली हिंदी हवी तितकी चालते. मध्य प्रदेशात राहिल्याचा हा एक फायदा.

आता भाषेची गोष्ट. कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच या दोन राजभाषा आहेत. १९६९ च्या कायद्याने तसे ठरले. साबणाच्या वेष्टनावरसुद्धा दोन्ही भाषा दिसतात. शिवाय टोरोंटो महापालिकेच्या ३११ या नंबरावर दीडशेहून अधिक भाषांत दुभाषा मिळण्याची सोय आहे. अडीअडचणीच्या ९११ लाही दुभाषा जोडून देतात. इंग्रजी येत नाही म्हणून फोन खाली ठेवू नका. 'मराठी' हा एक शब्द स्पष्ट उच्चारा आणि थांबा. दवाखान्यातही दुभाषा मागा. दर वेळी नातवाला मध्ये घालू नका. आजीच्या दुखण्याचे सारे बारा वर्षांच्या पोराने का सांगावे? तिथे मागायला आपल्याला संकोच वाटतो, कारण इथे तहसिलीत आपण कधी मराठीत फॉर्म मागितलेलाच नाही. घटनेचे ३५०-क कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला राज्यांना सांगते, आणि आपण शाळेत पोराची मातृभाषा सवयीने 'हिंदी' लिहून येतो.

आणि म्हणून जाण्याचा महिना. धानाची कापणी झाली, हात मोकळे झाले, की आपण निघतो. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. हाच सर्वांत वाईट काळ. मार्चपर्यंत तिथे बर्फ. फुटपाथवर गोठलेल्या पाण्यावरून पाय घसरला की म्हातारपणी खुबा मोडतो, आणि घरात कोंडून बसलेल्या माणसाला पंधरा दिवसांत लांजीकाईचे देऊळ स्वप्नात दिसू लागते. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखलाही नोव्हेंबरातच. मतदारयादीची विशेष पडताळणी आपल्या राज्यात २०२५ च्या नोव्हेंबरातच सुरू झाली. घराला कुलूप असले की नावाची काळजी घेणारे कुणी उरत नाही. तेव्हा जाण्याआधी आणि आल्यावर यादीत आपले नाव पाहा. जनगणनेची मोजणी फेब्रुवारी २०२७ ला नेमली आहे. त्या पूर्ण मुदतीत जो देशाबाहेर, तो मोजला जात नाही. घरात मराठी बोलणारी दोन माणसे गेली आणि मागे राहिलेल्याने मातृभाषेच्या रकान्यात 'हिंदी' सांगितले, तर सरकारदरबारी त्या घरातून मराठी संपली. मग शाळा कुठल्या आकड्यावर मागायची?

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निघा, सप्टेंबरच्या अखेरीस परत या. रोवणी एक वर्ष भावाच्या भरवशावर सोडा. थंडी नाही, पोरांना सुट्ट्या असतात, आणि तिथले मराठी भाषिक मंडळ गणपती बसवते तेव्हा तुम्ही तिथेच असता. मुलगा अजून भारताचा नागरिक असेल तर त्याला फॉर्म ६-अ दाखवा. पासपोर्टावरच्या लांजीच्या पत्त्यावर त्याचे नाव मतदारयादीत लागू शकते. मत मात्र इथे केंद्रावर येऊनच द्यावे लागते.

गावी फोन करताना लक्षात असू द्या, उन्हाळ्यात टोरोंटोचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. तिथे रात्री नऊला फोन लावलात तर इथे सकाळचे साडेसहा झालेले असतात, भाऊ वावरात निघायच्या आत सापडेल.