दास्यापुढची पायरी



परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. राणीसावरगाव हे त्याच तालुक्यातले गाव. जात्यावर बसलेल्या जनीला विठ्ठल दळू लागतो, ही कथा या मुलखात कोणास नव्याने सांगावी लागत नाही. जनाबाई स्वतःस नामदेवांची दासी म्हणवीत. पण त्यांचा देव धन्यासारखा वागत नाही, जिवलगासारखा कामास हात लावतो. नवविधा भक्तीत दास्य सातवे आणि सख्य आठवे आहे. सेवेच्या पुढची पायरी मैत्रीची, असा हा क्रम सुचवितो.

ख्रिस्ती धर्मजीवनातही हीच पायरी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, येशू आपल्या शिष्यांना दासांच्या नव्हे, तर मित्रांच्या पदवीला बसवितो. त्याच्यामागे समुदाय मोठा होता; शिष्य बारा होते; आणि गेथशेमाने बागेत जिवाची तळमळ झाली, तेव्हा त्याने जवळ घेतले ते तिघेच: पेत्र, याकोब व योहान. त्या तिघांना झोप लागली, हे शुभवर्तमानाने लपविलेले नाही. तरीही येशूने त्यांना टाकले नाही.

येथे भाविक मनास शंका येते. प्रीती सर्वांवर करावयाची असता दोघातिघांशी विशेष जिव्हाळा ठेवणे हा पक्षपात नव्हे काय? मला तसे वाटत नाही. साऱ्या जगावर एकदम प्रीती करणे बोलावयास सोपे असते, कारण जग आपणांस उलट उत्तर देत नाही. मित्र उत्तर देतो. क्षमा करणे, वाट पाहणे, कान उघाडणी ऐकून घेणे, हे धडे त्याच्याच संगतीत गिरविले जातात.

याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्या काळी धर्मांतर म्हणजे नुसता मतबदल नव्हता. जात, नातीगोती, पंगत आणि पाणवठा, सारे एका दिवसात परके होई. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या आल्या त्या आज्ञेने नव्हे. स्वतः पाहून, पारखून, आपल्या पावलांनी आल्या, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की, हे नाते दास्याचे राहिले नव्हते. पतीचे औदार्य त्या जितक्या मोकळेपणाने सांगतात, तितक्याच मोकळेपणाने त्यांचा तापट स्वभावही सांगतात. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. तेही पुढे चालविले ते याच सखीने.

त्यांच्या घरी आणखी एक जिवलग वाढला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच आपले बालकवी, अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. ते ख्रिस्ती नव्हते, आणि मायेची ती अटही नव्हती. वयाचे जवळजवळ एकोणतीस वर्षांचे अंतर कवितेने भरून काढले. 1918 साली बालकवींचा रेल्वेच्या अपघातात अंत झाला. पुढच्याच वर्षी टिळकही गेले. पण त्याआधी, 1917 साली, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला होता, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. थोड्यांवरच्या प्रीतीने त्यांचे अंतःकरण आकुंचित झाले नाही, ते विस्तारले.

मैत्रीची परीक्षा यातच आहे. जो मित्र केवळ आपली स्तुती करतो, तो आपणांस एकटेच ठेवतो. आणि जी मैत्री दार लावून घेते, ती मैत्री नव्हे, टोळी होय.

आजची स्थिती पाहा. शहरातल्या मोठ्या मंडळीत रविवारी शेकडो हात जोडले जातात, कुशल विचारले जाते, आणि माणूस मनातले ओझे तसेच घेऊन घरी परततो. नोकरीनिमित्त राणीसावरगावासारख्या गावी गेलेल्या कुटुंबास तर उपासनामंदिरही दूर पडावे. दोघांचीही उणीव एकच: ज्याच्यापाशी लाज न बाळगता रडता येईल आणि ज्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करता येईल, असे माणूस. त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. आठवड्यातून एक पत्र, एक दूरध्वनी, महिन्यातून एकदा एका ताटात जेवण, एवढ्याने प्रारंभ होतो. शेजारी दुसऱ्या धर्माचा असला, तरी बालकवींची आठवण ठेवावी.

तेव्हा मित्र किती आहेत हे मोजीत बसू नये. आपण जागे राहावे असे आज कोणास वाटत आहे, एवढे पाहावे, आणि त्याच्यापाशी जाऊन बसावे.