पडद्यावरचे रक्त आणि इतिहास



येशूच्या चित्रपटांशी आपले नाते जुने आहे. १९१० च्या सुमारास मुंबईस येशूच्या चरित्रावरील मूकपट पाहत असता दादासाहेब फाळक्यांच्या मनापुढे रामकृष्ण उभे राहिले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. तेव्हा हा विषय परका आहे, असे कोणी म्हणू नये.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते मेल गिब्सन यांच्या २००४ सालच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ या बोलपटाविषयी. येशूच्या अखेरच्या बारा तासांची ही कथा. पात्रे अरामी व लॅटिन बोलतात. फटक्यांनी सोललेली पाठ कित्येक मिनिटे डोळ्यांपुढून हलत नाही. ‘घडले ते असेच घडले,’ असे प्रेक्षकास वाटावे, अशी सारी तजवीज आहे.

पण घडले ते असेच काय? त्या प्रांतातील रोमी शिपाई बहुतेक आसपासच्या मुलखातच भरती झालेले. राज्यकारभाराची भाषा ग्रीक. चित्रपटात ग्रीकचा पत्ता नाही! खिळे तळहातांत ठोकलेले दाखविले आहेत. १९६८ साली जेरुसलेमजवळ एका थडग्यात, वधस्तंभावर मारलेल्या माणसाचे टाचेचे हाड सापडले. त्यात सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा खिळा आडवा अडकून राहिला होता. पुढे पुन्हा तपासणी झाली, तेव्हा हातांच्या हाडांवर खिळ्याची खूण मिळाली नाही. ते दोरीने बांधले असावेत. म्हणजे ही शिक्षा देण्याची एकच ठराविक रीत होती, असेही म्हणता येत नाही.

आता फटक्यांचे पाहा. मत्तय आणि मार्क फटक्यांचा ओझरता उल्लेख करून पुढे जातात, योहान एका वाक्यात उरकतो, लूक तर फटके मारल्याचे सांगतच नाही. मग पडद्यावरचा तपशील आला कोठून? त्यातील पुष्कळसा एका जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांतून आला. ॲना कॅथरिना एमरिख १८२४ साली वारली. तिचे दृष्टान्त ब्रेंटानो या कवीने लिहून काढले व १८३३ मध्ये छापले. पिलाताची पत्नी मरियेस रक्त टिपावयास वस्त्रे देते, तो प्रसंग तेथलाच. भक्ताने ते वाचावे. आमची हरकत नाही. पण त्यास इतिहास म्हणू नये.

खरी अडचण रक्ताची नाही. ते कोणाच्या माथी मारले, ही आहे. पिलात येथे सुजाण, कष्टी सुभेदार आहे. शुभवर्तमानांतही तो कचरतो, हे खरे. परंतु फायलो त्याच्यावर लाचखोरीचा आणि चौकशीवाचून माणसे मारल्याचा ठपका ठेवतो, आणि जोसीफस सांगतो की, शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर त्यास रोमला परत धाडण्यात आले. ही इ. स. ३६ च्या सुमाराची गोष्ट. वधस्तंभ ही रोमची शिक्षा होती. चित्रपटात मात्र सारा रोख यहूदी याजकांवर आणि जमावावर. याच आरोपापायी युरोपात शतकानुशतके यहूद्यांची घरे जळाली. सरसकट सर्व यहूद्यांना दोषी धरू नये, असे व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने सांगितले ते १९६५ साली.

मत्तयात जमाव त्या रक्ताचा दोष स्वतःवर व मुलाबाळांवर घेतो. २००४ च्या प्रदर्शनापूर्वी या वाक्यावरून वादळ उठले. अखेर पडद्याखालची इंग्रजी ओळ काढली. अरामी उद्गार मात्र तसाच ठेवला.