क्रेऑनचेही नीट ऐकून घेऊ या



या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आज मी एकाच नाटकाविषयी बोलणार आहे. सॉफोक्लीसचे ‘अँटिगनी’ अथेन्सच्या रंगभूमीवर आले ते इसवी सनापूर्वी 441च्या सुमारास. ही नायिका कोणाची कोण, हे ज्यांनी पु. लं.चे ‘राजा ओयदिपौस’ पाहिले-वाचले आहे त्यांना सांगायला नको. त्या राजाची ही मुलगी. तिचे दोन भाऊ थीब्जच्या गादीपायी लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. मग मामा क्रेऑन गादीवर बसला. नगरासाठी लढलेल्या एटिओक्लीसला त्याने मानाने मूठमाती दिली. परकी फौज घेऊन चालून आलेल्या पॉलिनायसिसचे प्रेत मात्र कुत्र्या-गिधाडांपुढे टाकायचा हुकूम काढला. बहिणीने तो मोडला.

मुलगी खरी, राजा खोटा, असा निकाल आपण फार लवकर देऊन टाकतो. अखेरीस मीही मुलीच्याच बाजूने आहे. पण क्रेऑनचे पहिले भाषण नीट वाचा. नगराची नाव तरली तरच नातीगोती तरतील, म्हणून नगरहितापुढे आप्त-मित्र दुय्यम, असे तो मांडतो. इसवी सनापूर्वी 343मध्ये अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याने भर न्यायालयात हेच भाषण वाचून घेतले, ते लोकनेत्याने कसे वागावे याचा दाखला म्हणून. देशद्रोह्याला आपल्या भूमीत पुरायला अथेन्समध्येही बंदी होती. देशद्रोही ठरलेल्या थेमिस्टोक्लीसच्या अस्थी नातेवाइकांनी गुपचूप आणून पुरल्याची हकीकत इतिहासकार थ्युसिडिडीजने दिली आहे. फरक एवढाच की ती बंदी अथेन्सच्या भूमीपुरती होती. क्रेऑन प्रेताला कुठलीच जागा ठेवत नाही. सॉफोक्लीस स्वतः खजिन्याचा अधिकारी होता, पुढे पेरिक्लीसबरोबर सेनापतीही झाला. राज्य चालवणे म्हणजे काय, हे त्याला बाहेरून ऐकून ठाऊक नव्हते.

म्हणून मला पहारेकऱ्याचा प्रवेश फार मोलाचा वाटतो. प्रेतावर कोणीतरी माती टाकून गेले, ही खबर राजाला द्यायची कोणी, यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि याचे नाव निघाले. येताना तो दहादा थबकतो, मागे वळतो. राजा त्यालाच लाच खाल्ल्याचा आळ घालून मरणाची धमकी देतो. शिपाई परत जाऊन प्रेतावरची माती झाडतात आणि दुर्गंधी येऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा पाहून टेकाडावर बसतात. भर दुपारी धुळीचे वादळ उठते. ते ओसरते तेव्हा ती मुलगी तिथे उभी असते. उघडे पडलेले प्रेत पाहून ती आक्रोश करते, पुन्हा ओंजळीने माती घालते आणि पितळी झारीने तीनदा अर्घ्य देते. धरल्यावर पळत नाही, नाकारत नाही. आपला जीव वाचला म्हणून पहारेकऱ्याला हायसे वाटते, आणि तिला धरून आणल्याचे दुःखही होते. तेही तो बोलून दाखवतो. हुकूम काढणारा एक असतो आणि तो हाताने अमलात आणणारा दुसरा, हे सॉफोक्लीस एका क्षणासाठीही विसरत नाही.

दोन्ही बाजू आपापल्या जागी न्याय्य आणि दोन्ही एकांगी, असे हेगेलने या नाटकाचे विवेचन केले. मला ते पटत नाही. अँटिगनीही हट्टी आहे, कठोरही. इस्मिनी तिच्याबरोबर मरायला तयार होते, तेव्हा ती सख्ख्या बहिणीला झिडकारते. पण आपल्या हट्टाची किंमत मोजण्यासाठी ती स्वतः पुढे झाली आहे, आणि क्रेऑनच्या हट्टामागे फौज आहे. क्रेऑनचा मुलगा हेमॉन बापाला सांगतो की गावात लोक दबक्या आवाजात तिच्या बाजूने बोलतात. राजा उलट विचारतो, राज्य कसे करावे हे मला गाव शिकवणार? माझ्या मते हुकूम इथे कायदा राहत नाही. तो काढला तेव्हा त्यामागे निदान नगराचे कारण होते. आता राजाचा शब्द खाली पडू नये, एवढेच कारण उरले आहे.

क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. पुढे द्रष्ट्या टायरेसियसच्या भाकितानंतर तो हादरतो. वृद्ध नगरजन त्याला सांगतात, आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताची सोय कर. तो उलट करतो. आधी प्रेताचे उरलेले अवशेष धुतो, ताज्या फांद्यांवर दहन करतो, वर मातीचा उंचवटा रचतो आणि त्यानंतर गुहेकडे वळतो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. आपली चूक दुरुस्त करतानाही त्याला आधी दिसला तो मोडलेला विधी. जिवंत मुलगी नंतर.

या संमेलनात अँटिगनीवर निबंध वाचले जाणार आहेत. प्रत्येक निबंधकाराला माझी विनंती आहे की मृतदेह आणि मुलगी यांचा हा उलटा क्रम आपल्या मांडणीत कुठे बसतो, ते आम्हाला जरूर सांगावे.