भट्टीपुढच्या माणसासाठी आकडा



 कारखान्यांतल्या सुरक्षेवरच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. आपल्या कार्यक्रमपत्रिकांत तो क्वचितच येतो. विद्युतचुंबकीय क्षेत्रात रोज आठ तास उभ्या असणाऱ्या माणसासाठी सुरक्षेची मर्यादा कशी ठरवायची, आणि ती ठरवताना कोणाला विचारायचे, हा तो विषय.

आपल्याकडे या क्षेत्रांची चर्चा होते ती मोबाइल टॉवरच्या निमित्ताने. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर येणार म्हटले की सभा भरतात, अर्ज जातात. त्या काळजीची दखल सरकारने घेतली. १ सप्टेंबर २०१२ पासून दूरसंचार विभागाने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पातळीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट होते. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबासाठी इतका कडक आकडा आपण मिळवला. मग त्याच टॉवरवर चढून, अँटेनासमोर छाती आणून बोल्ट आवळणाऱ्या रिगरसाठी कोणता आकडा आहे? फॅक्टरी अ‍ॅक्टचे दुसरे परिशिष्ट आठवा. शिसे होते, बेंझिन होते, सिलिकाची धूळ होती. विद्युतचुंबकीय क्षेत्राची ओळ तिथे नव्हती. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या रोगांच्या यादीत इन्फ्रारेडमुळे होणारा मोतीबिंदू होता. म्हणजे भट्टीच्या धगीची नोंद कायद्याने घेतली, भट्टीच्या कॉइलची घेतली नाही. मला हे फार खुपते.

आपण कोल्हापुरात जमलो आहोत, तेव्हा कॉइलबद्दलच आधी बोलतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत क्युपोला भट्ट्यांच्या जागी इंडक्शन फर्नेस आल्या. कोकचा धूर गेला, हे चांगलेच झाले. पण फर्नेसवाला आता कुठे उभा राहतो ते पाहा. प्लॅटफॉर्मवर उभे राहून तो भंगार टाकतो, स्लॅग काढतो, लान्स बुडवून टेंपरेचर घेतो. वाकला की त्याची कंबर कॉइलच्या वरच्या कडेपासून जेमतेम हातभर अंतरावर येते. कॉइल म्हणजे तांब्याची पोकळ नळी. आत थंड पाणी फिरते आणि तांब्यातून हजारो अँपिअर वाहतात. पॅनेलपासून येणाऱ्या वॉटर-कूल्ड केबली पुष्कळदा पायाशीच असतात. एका फर्नेसवाल्याने मला सांगितले, "साहेब, फुल पॉवरला अंगठी चटका देते, म्हणून काढूनच येतो." त्या माणसाला कोणी प्रशिक्षण दिले नव्हते. क्षेत्र बोटापर्यंत पोचते आहे हे त्याच्या बोटाने त्याला शिकवले होते.

इथे मोजणी कशी चुकते तेही सांगायला हवे. पन्नास हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी कामगारांची आंतरराष्ट्रीय संदर्भ पातळी १००० मायक्रोटेस्ला आहे. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० मध्ये ती दिली. पण फर्नेस पन्नास हर्ट्झवर चालतेच असे नाही. ५०० हर्ट्झला तीच पातळी ६०० मायक्रोटेस्लावर येते आणि १००० हर्ट्झला ३०० वर. पन्नास हर्ट्झपुरते बनवलेले मीटर घेऊन कोणी ऑडिटर भट्टीपाशी गेला आणि १००० च्या खाली आकडा आला म्हणून "ओके" लिहून परतला, तर त्या शेऱ्याला काही अर्थ उरत नाही. वारंवारता किती, मीटर कोणते, माणूस कुठे उभा होता आणि पॉवर किती होती, या चार गोष्टी नसलेला अहवाल मी तरी परत पाठवीन.

असे सुरक्षेचे आकडे ठरतात कसे? रेडिओ लहरींचे उदाहरण घ्या. १९५३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हरमन श्वान यांनी अमेरिकी नौदलाला रडारसाठी एक मर्यादा सुचवली: दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट. त्यामागचा विचार उष्णतेचा होता. विश्रांती घेणारे शरीर साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकते. लहरींनी तेवढीच भर घातली तर शरीर ती सोसून बाहेर टाकील, असा तो हिशोब. सोव्हिएत संघाने १९५८ मध्ये पूर्ण पाळीसाठी जो आकडा ठरवला तो १० मायक्रोवॅटचा होता, म्हणजे हजारपट खाली. त्यांच्या डॉक्टरांनी लहरींजवळ काम करणाऱ्यांची डोकेदुखी, थकवा, झोप उडणे अशा तक्रारी नोंदवल्या होत्या आणि त्यावरून मर्यादा काढली होती. अमेरिकी शास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त होता: थकवा लहरींचा, पाळीचा की रडारच्या खोलीतल्या गोंगाटाचा, हे त्या नोंदींवरून कळत नव्हते. तरीही मला सोव्हिएत पद्धतीतली एक गोष्ट मोलाची वाटते. तिथे कामगाराला काय होते हे कोणीतरी विचारले होते. श्वान यांचा हिशोब भौतिकीच्या दृष्टीने अधिक नेटका होता, पण त्यात माणूस होता तो फक्त उष्णता बाहेर टाकणारा देह म्हणून.

पुढे अमेरिकेने १९८२ मध्ये मर्यादेचा पायाच बदलला. बाहेरच्या हवेत किती लहरी आहेत यापेक्षा शरीर दर किलोमागे किती वॅट शोषते हे महत्त्वाचे ठरले. प्रयोगातले उंदीर आणि माकडे शिकवलेले काम सोडून देऊ लागत ती पातळी होती किलोला ४ वॅट. तिला दहाने भागून कामगारांसाठी ०.४ वॅट धरले गेले. सर्वसामान्य जनतेसाठी ते आणखी पाचने भागतात आणि ०.०८ येते. आयसीएनआयआरपीच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच दोन आकडे कायम आहेत.

या गणितात ४ हा प्रयोगाचा निष्कर्ष आहे. दहाने भागायचे की वीसने, हे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरत नाही. किती सावधगिरी पुरेशी, हा निर्णय माणसे घेतात. कामगाराला जनतेच्या पाचपट मर्यादा का? तर कामगार सज्ञान आहे, त्याला धोक्याची माहिती आहे, प्रशिक्षण आहे, वैद्यकीय देखरेख आहे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. ही गृहीतके जिथे खरी नाहीत तिथे पाचपटीचा आधारच निघून जातो. ज्याला माहिती दिली नाही, त्याला जनतेचीच मर्यादा लागू व्हायला हवी. माझे हे मत ठाम आहे.

युरोपात काय घडले ते यासाठी नीट पाहण्यासारखे आहे. २००४ मध्ये युरोपीय संघाने कामगारांच्या संरक्षणासाठी निर्देश काढला. सदस्य देशांनी तो ३० एप्रिल २००८ पर्यंत कायद्यात आणायचा होता. पण एमआरआय विभागांतून विरोध उठला. घाबरलेल्या बाळाला धीर द्यायला, भूल दिलेल्या रुग्णाची नळी सांभाळायला परिचारिका यंत्राच्या तोंडाशी वाकते. तिथे त्या निर्देशातली मर्यादा ओलांडली जाईल आणि तपासणीच बेकायदा ठरेल, अशी भीती होती. रेडिऑलॉजिस्ट आणि रुग्णसंघटना एकत्र आल्या. मुदत आधी २०१२ पर्यंत, मग ऑक्टोबर २०१३ पर्यंत ढकलली गेली आणि २६ जून २०१३ ला जुना निर्देश मोडीत काढून नवा आला.

नव्या निर्देशात एमआरआयला सूट आहे, पण सशर्त. मर्यादा ओलांडली जाते हे आधी दाखवायचे, शक्य ते तांत्रिक उपाय करून झाले आहेत हे सिद्ध करायचे, आणि तरीही कामगार सुरक्षित आहे याची जबाबदारी मालकाने घ्यायची. गरोदर स्त्रिया आणि पेसमेकर बसवलेले कामगार यांचा वेगळा विचार करणे बंधनकारक आहे. मला ही तडजोड योग्य वाटते. डॉक्टरांचे म्हणणे खरे होते आणि ते ऐकले गेले. पण ते ऐकले गेले याचे एक कारण असे की त्यांच्यामागे संघटना होत्या आणि मंत्रालयांची दारे त्यांना उघडी होती. आपल्या फर्नेसवाल्याला यातले काय आहे?

नव्या निर्देशातला एक छोटा आकडा आपण उद्यापासून वापरू शकतो. प्रबळ चुंबकाच्या परिसरात ३ मिलिटेस्लाच्या पुढे लोखंडी वस्तू उडून येण्याचा धोका धरायचा. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात एक तरुण नातेवाइकासोबत एमआरआयच्या खोलीत गेला. त्याच्या हातात ऑक्सिजनचा सिलिंडर होता. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढले आणि तो दगावला. स्कॅन चालू नसला म्हणून अतिवाहक चुंबक बंद होत नाही. रात्री, सुटीच्या दिवशी, दिवे मालवल्यावरही तो चालूच असतो. वॉर्डबॉय, सफाई कामगार, एसी दुरुस्त करायला आलेला माणूस, यांच्यापैकी किती जणांना हे सांगितलेले असते? तीन मिलिटेस्लाची रेघ फरशीवर रंगवायला फारसा खर्च येत नाही.

एचएफ, म्हणजे उच्च वारंवारतेच्या, वेल्डिंगबद्दलही बोलायला हवे. रेनकोट, फायलींची कव्हरे, ताडपत्र्या जोडणारी ही यंत्रे २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतात. मी पाहिलेल्या एका युनिटमध्ये इलेक्ट्रोडभोवतीचे धातूचे शिल्ड काढून कोपऱ्यात ठेवले होते. ते लावले तर माल सरकवायला वेळ लागतो आणि पगार नगावर होता. यंत्रावर बसणाऱ्या बाईंच्या बोटावर लहान पांढरा डाग होता. वरून जेवढा दिसत होता त्यापेक्षा आत खोल भाजलेला. दोष त्यांचा नव्हता. नगावर पगार ठेवला की शिल्ड निघणारच.

दीर्घकालीन परिणामांबद्दल मला लोक नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अतिमंद वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रांना २००२ मध्ये आणि रेडिओ लहरींना २०११ मध्ये "कर्करोगाची शक्यता" या गटात घातले. तो गट पुराव्याच्या मर्यादा मान्य करणारा आहे. म्हणून कामगारांना कर्करोगाची भीती घालणे मला मान्य नाही. पण आजच्या मर्यादा मुख्यतः उष्णता आणि मज्जातंतूंचे उद्दीपन अशा तात्काळ परिणामांवर बेतलेल्या आहेत, आणि तीस वर्षे त्याच प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल त्या बोलत नाहीत, हेही त्याला सांगितले पाहिजे. त्यासाठी नोंदी लागतात. कोण, कुठे, किती वर्षे, किती क्षेत्रात. आपल्या आरोग्य तपासणीच्या फॉर्ममध्ये आज तो रकानाच नसतो.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा येणार आहे. कामाच्या जागेसाठी मर्यादा अधिसूचित करा, ही मागणी त्यात आहेच. अध्यक्ष म्हणून मी दोन दुरुस्त्या सुचवतो. मर्यादा ठरवणाऱ्या समितीवर किमान दोन जागा फर्नेस, एचएफ वेल्डिंग किंवा टॉवरवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना द्याव्यात, आणि त्यांचा त्या दिवसांचा पगार बुडू नये. दुसरी दुरुस्ती पेसमेकरची. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन कामावर परतणाऱ्या माणसाची जागा आधी मोजावी आणि मगच त्याला तिथे उभे करावे. मोजणी होईपर्यंत त्याला पगारासह दुसरे काम द्यावे. या दोन्हींवर आपण आक्षेप घ्या, शब्द बदला, पण मतदान आजच घ्या. तीन ते साडेचार मी याच व्यासपीठावर आहे.